स्पॅनिश फक्त हुकूम सोडण्यापुरती नको

(ह्यूस्टन परिसरातील मराठी मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला थोडकाच वेळ दिलाय आणि विषय दिलाय तो नेमका आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप पेटवणारा. ठिणगी तशी लहान होती. रविवारी मराठी शाळेत मुलांना सोडलं की आईवडील पार्किंगमध्ये फोन बघत बसतात. त्या वेळात मोठ्यांसाठी, आणि भारतातून सहा-सहा महिने येऊन राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी, स्पॅनिशचा वर्ग घ्यावा, एवढाच प्रस्ताव होता. पहिलं उत्तर आलं, "हा इंग्रजी बोलणारा देश आहे, त्यांनी इंग्रजी शिकावं." दुसरं आलं, "आधी पोरांना धड मराठी येऊ दे." तिसऱ्याने कपाळाला हात लावलेला इमोजी टाकला. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलेलं नाही.

मी वर्गाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकते.

देशाचं राहू दे, आपण ज्या राज्यात घर घेतलंय त्या टेक्सासबद्दल बोलू. सॅन अँटोनियोला 1718 मध्ये मिशन उभं राहिलं, पुढे अलामो म्हणून गाजलं तेच, तेव्हा या भागात इंग्रजीचा मागमूस नव्हता. (त्याआधी इथे मूळ रहिवाशांच्या भाषा होत्या आणि त्यांचं स्पॅनिशने काय केलं, हा वेगळा आणि वाईट इतिहास आहे. स्पॅनिशला मी सोवळी ठरवत नाहीये.) इंग्रजी बोलणारी कुटुंबं मोठ्या संख्येने आली ती 1820 नंतर, मेक्सिकोच्या परवानगीने, स्वस्त जमिनीसाठी. त्यांचा म्होरक्या स्टीफन ऑस्टिन. आपल्या राजधानीला त्याचं नाव आहे. त्याने स्पॅनिश शिकून घेतली, मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं, पत्रांखाली तो 'एस्तेवान' अशीही सही करायचा. त्याच्या मागोमाग आलेल्या बहुतेकांनी मात्र ती तसदी घेतली नाही. शेवटी 1830 मध्ये मेक्सिकोने कायदा करून अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी घातली. कारणं बरीच होती, गुलामगिरी हे त्यातलं मोठं. पण आलेले लोक आपल्यात मिसळत नाहीत, ही तक्रारही त्यात होती. आज आपण जे वाक्य ऐकतो, ते एके काळी याच मातीत उलट्या बाजूने बोललं जात होतं.

1836 मध्ये टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र झालं. त्या जाहीरनाम्यावर याच मातीतल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या होसे आंतोनियो नावारो यांची सही आहे. नव्या प्रजासत्ताकाच्या सिनेटमध्ये हुआन सेगीन होते. ते स्पॅनिशमध्ये बोलायचे, दुभाषा ते इंग्रजीत सांगायचा, आणि कायदे स्पॅनिशमध्येही छापा असा त्यांचा आग्रह होता. या माणसांना 'बाहेरचे' म्हणायचं तर आपण कोण?

पुढचा इतिहास माझ्या ओळखीच्या जुन्या टेक्सन बायकांच्या बोलण्यातही येतो, म्हणून जरा थांबून सांगते. 1918 मध्ये टेक्सासने कायदा केला की शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं हा गुन्हा. पहिलं महायुद्ध चालू होतं, जर्मन भाषेवर राग होता, पण फटका बसला स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांना. मैदानात खेळतानासुद्धा स्पॅनिश बोललं की छडी. पश्चिम टेक्सासात मार्फा नावाचं गाव आहे. तिथल्या ब्लॅकवेल शाळेत, म्हणजे फक्त मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळेत, 1954 मध्ये मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहवून घेतले, त्या एका पेटीत घातल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा खणून पुरल्या. स्पॅनिशची रीतसर अंत्ययात्राच. आज ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, तसा कायदा 2022 मध्ये झाला. बिग बेंडच्या राष्ट्रीय उद्यानाला जाणारी आपली किती कुटुंबं मार्फावरून जातात! पुढच्या वेळी फक्त पेट्रोल भरून निघू नका.

याच राज्यात कोतुला नावाच्या गावात 1928 मध्ये लिंडन जॉन्सन नावाचा तरुण शिक्षक होता. मुलं गरीब, घरात स्पॅनिश, आणि मास्तरांचा हट्ट इंग्रजीचाच. तोच मास्तर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि जानेवारी 1968 मध्ये त्याने द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. विधेयक मांडणारे सिनेटरही टेक्सासचेच, राल्फ यारबरो. तेव्हा 'स्पॅनिश हे कॅलिफोर्नियाचं फॅड' असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवून द्या.

ग्रूपवर 1 मार्च 2025 चा राष्ट्राध्यक्षांचा आदेशही फिरला. इंग्रजी अधिकृत भाषा झाली, विषय संपला! आदेश मी वाचला. तो सरकारी खात्यांबद्दल आहे आणि इतर भाषांतल्या सेवा थांबवाच असंही तो खात्यांना सांगत नाही. तुम्ही-आम्ही रविवारी काय शिकावं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता जरा अवघड भागाकडे येते. 2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला आणि 29 जूनला तो मागे घ्यावा लागला. त्या काळात या ग्रूपवर काय उत्साह होता! "महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे." मीही अंगठे दिले. त्याच न्यायाने काही जण विचारतात, "मग अमेरिकेत राहायचं तर इंग्रजी आलीच पाहिजे, यात काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही. आणि स्पॅनिश बोलणारे लोक ती शिकतात. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिसऱ्या आणि त्यापुढच्या पिढीतल्या लॅटिनोंपैकी, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांपैकी, स्पॅनिशमध्ये नीट संभाषण करू शकणारे साधारण एक तृतीयांशच होते. आजी स्पॅनिश बोलते, आई दोन्ही बोलते, नात इंग्रजी. ही गोष्ट आपल्यापैकी किती घरांत चालू आहे, हात वर करायला लावत नाही. ज्यांना स्पॅनिश नीट येत नाही अशांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्यांच्याच समाजातल्या लोकांनी त्यावरून खजील केलं होतं. पुण्याला गेल्यावर मावसभावंडं आपल्या मुलांच्या मराठीला हसतात ना, तेच हे. कोट्यवधी लोक बोलतात ती भाषाही या देशात घरातून अशी निसटते, मग तिच्यापासून इंग्रजीला धोका कसला? न्यायालय, नोकरी, विद्यापीठ, सगळं इंग्रजीच्या हातात आहे. मुंबईत मराठीच्या हातात यातलं काय आहे, ते तुम्हीच सांगा.

मुंबईची खरी तुलना मला वेगळीच दिसते. तिथे आपल्याला सर्वांत काय बोचतं? इमारतीत वर्षानुवर्षं राहणारा माणूस मराठी बोलतो ती फक्त कामवाल्या बाईंशी आणि भाजीवाल्याशी. "बाई, लादी पुसा." "कांदा कसा दिला?" त्यापलीकडे त्याला मराठीत शेजारी नको, पुस्तक नको, मैत्री नको. आता आपल्या स्पॅनिशकडे बघू या. लिंपिए, म्हणजे साफ करा. अकी, इथे. मास, अजून. क्वांतो, किती झाले. हार्वी वादळानंतर 2017 मध्ये आपल्या कित्येकांच्या घरांतल्या भिजलेल्या भिंती फोडून बाहेर काढायला आणि नव्या उभारायला जी माणसं आली, त्यांच्याशी आपण एवढ्याच शब्दांत आणि हातवाऱ्यांत बोललो. गाव कुठलं, मुलं किती, त्यांचं स्वतःचं घर पाण्यात गेलं का, हे विचारायला शब्द नव्हते. आपली स्पॅनिश आज्ञार्थात अडकलेली आहे. ज्या गोष्टीचा मुंबईत संताप येतो तीच आपण इथे करतो, फक्त बाजू बदललेली.

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. काउंटरवर आजी येते, बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू, आणि आजीच्या इन्शुलिनच्या सूचना तो भाषांतर करून सांगतो. आजी लाजेने काही विचारत नाही, नातू कंटाळून अर्धंच सांगतो. रुग्णालयांच्या नियमांत तातडीची वेळ सोडली तर मुलांना दुभाषा करू नये असं आहे, आणि ते किती शहाणपणाचं आहे हे मी रोज बघते. मोठ्या सूचनेसाठी मीही प्रशिक्षित दुभाष्यालाच फोन लावते, अर्धवट भाषेवर औषध देणं धोक्याचं. पण "बसा, घाई नाही, जेवलात का?" एवढं मी तिच्या भाषेत म्हटलं की आजी नातवाला बाजूला सारून स्वतः विचारायला लागते. फोनवरचं भाषांतराचं ॲप हे करत नाही. वापरून बघितलंय.

व्याकरणाला घाबरणाऱ्यांसाठी चांगली बातमी आहे. इंग्रजी माणसाला जे महिनोन् महिने घोकावं लागतं, त्यातलं बरंच आपण आईच्या मांडीवर शिकलोय. "मला आंबा आवडतो": मे गुस्ता एल मांगो. आंबे अनेक झाले की "आवडतात", तसंच तिथे "गुस्तान". क्रियापद आंब्याचं ऐकतं, माझं नाही. "मी पुस्तक बघते", पण "मी मारियाला बघते": वस्तूला काही लागत नाही, माणसाला 'ला' लागतो. स्पॅनिशमध्ये तिथे 'आ' लागतो, वेओ एल लिब्रो, वेओ आ मारिया. कर्ता गाळला तरी क्रियापदावरून कळतं. वडीलधाऱ्यांना तू म्हणायचं नाही, 'उस्तेद' म्हणायचं. त आणि द आपल्यासारखे दातांवरचे. आमच्या वर्गात इंग्रजी माणसं जिथे ठेचकाळतील तिथे सातारच्या आजी सरळ चालत जातील.

"आधी मराठी" म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो, पण त्यांनी दोष चुकीच्या भाषेला दिलाय. आपल्या मुलांची मराठी स्पॅनिशने खाल्लेली नाही, इंग्रजीने खाल्ली आहे, आणि ती आपण प्रेमाने भरवली. उलट स्पॅनिश बोलणाऱ्यांनी इथे जी लढाई दिली तिचा फायदा आपल्यालाही होतो. इंग्रजीशिवाय आणखी एका भाषेवर प्रभुत्व असलेल्या विद्यार्थ्याच्या हायस्कूलच्या पदविकेवर द्विभाषिकतेची मोहोर उमटते, त्याचा कायदा आधी कॅलिफोर्नियात 2011 मध्ये झाला आणि मग इतर राज्यांत पोचला. ती मोहोर एकट्या स्पॅनिशसाठी नाही. आपापल्या शाळा जिल्ह्यात मराठीसाठी काय सोय आहे ते विचारा, नसेल तर मागा. आणि हो, टेक्सासात हायस्कूलला एका परभाषेचे दोन क्रेडिट लागतात, पण त्याऐवजी कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगही चालतं. आपल्या घरांत त्याचा निकाल काय लागतो ते मी सांगायला नको.

मराठी माणूस आणि स्पॅनिश हे नातं नवीनही नाही. वर्ध्यात 1884 मध्ये जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून, देशोदेशी भटकून 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले. तिथल्या चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय. हा माणूस तिथे निर्वासित होता, हातात काही नव्हतं. त्यांची स्पॅनिश हुकूम सोडण्याची नव्हती, शेतकऱ्याच्या शेजारी बांधावर बसून बोलण्याची होती.

एक राजकीय वाटेल असं वाक्य बोलते, अध्यक्षांनी क्षमा करावी. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात खालच्या न्यायालयाचा मनाई हुकूम थांबवला. त्या हुकुमात इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की फक्त काही ठरावीक गोष्टींवरून कुणाला अडवू नका. त्या गोष्टींत एक होती स्पॅनिश बोलणं, किंवा इंग्रजी वेगळ्या उच्चारात बोलणं. 'किंवा'च्या पुढचं पुन्हा वाचा. माझा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' अजून एकच आहे.

तर वर्गाचं. मराठी शाळेच्याच वेळेत, शेजारच्या खोलीत, पुढच्या रविवारपासून. शिकवणाऱ्या बाई मेक्सिकोतल्या मॉन्तेरेईच्या आहेत, शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना मी एकच विनंती केली आहे की आज्ञार्थ सगळ्यात शेवटी घ्या, आधी चौकशी करायला शिकवा. मानधन मंडळ देणार, फुकट शिकवून घ्यायचं नाही. नावं लिहायची वही दाराशी आहे. विरोधात ज्यांनी लिहिलं त्यांनी पहिल्या तासाला यावंच, भांडायला समोरासमोर मजा येते. आणि हॉल पाच वाजता परत करायचा आहे, तेव्हा खुर्च्या उचलायला चार-सहा जण थांबा.