समृद्धी महामार्ग: पुढची चालू चार्जिंग गन किती दूर?

नागपूरजवळच्या शिवमडका येथून निघणारा आणि ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपणारा हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन रस्ता पूर्ण झाला. मैदानी भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, वाटेत सिग्नल नाही, गावातली वर्दळ नाही आणि इंटरचेंज वगळता कोठूनही आत-बाहेर जाण्याची सोय नाही. इंधनाच्या गाडीला ज्या गोष्टी सुखाच्या वाटतात, नेमक्या त्याच गोष्टी विजेच्या गाडीचा प्रवास अवघड करतात.

प्रथम वेगाचा हिशेब पाहू. गाडीला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ९० वरून १२० वर जाताच तो सुमारे पावणेदोन पट होतो. चाळीस युनिट क्षमतेची बॅटरी असलेली मध्यम आकाराची गाडी घेऊ आणि तिला ताशी १२० च्या वेगाने शंभर किलोमीटरला १८ युनिट वीज लागते असे धरू. महामार्गावर कोणी बॅटरी शून्यावर नेत नाही, आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग बराच मंदावत असल्यामुळे त्यापुढे थांबणे परवडत नाही. म्हणजे दोन थांब्यांच्या दरम्यान हाती उरतात ८० ते १५ टक्क्यांमधली २६ युनिट, आणि त्यांत गाडी जाते जेमतेम १४५ किलोमीटर. गाडीच्या माहितीपत्रकात छापलेला चारशेहून अधिक किलोमीटरचा आकडा चाचणीच्या ठरावीक पद्धतीने काढलेला असतो. मेच्या रणरणत्या दुपारी, चार माणसे आणि सामान घेऊन, एसी लावून वर्ध्याकडून कारंज्याकडे निघालेल्या कुटुंबाला त्याचा फारसा आधार वाटत नाही.

घरून शंभर टक्के भरून निघाले तरी या वेगाने संपूर्ण मार्गात चार वेळा थांबावे लागते. वेग ताशी ९० वर आणला आणि विजेचा खर्च शंभर किलोमीटरला १३ युनिटांवर आला, तर तीन थांबे पुरतात. पण मग केवळ चालवण्याचा वेळच दोन तासांनी वाढतो. हा रस्ता ज्या वेगासाठी बांधला, तो वेग वापरायचा की नाही, हे पुढची गन, म्हणजे चार्जरचा गाडीला लावायचा प्लग, चालू असेल की नाही यावर ठरावे, ही परिस्थिती आम्हाला मान्य होण्यासारखी वाटत नाही.

आता रस्त्याची रचना पाहा. जुन्या मार्गाने जाताना चार्जर बंद निघाला, तर पुढच्या गावात, एखाद्या हॉटेलच्या आवारात, निदान पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तरी गाडी लावता येते. समृद्धीवर तसे करता येत नाही. चार्जर समोरच्या बाजूला असेल तर तो डोळ्यांना दिसत असूनही उपयोगाचा नसतो, कारण पलीकडे जाण्यासाठी पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन उलट यावे लागते आणि नंतर पुन्हा मूळ दिशेला वळावे लागते. म्हणूनच या मार्गावरून जाणारे अनेक चालक छत्रपती संभाजीनगर किंवा शिर्डीच्या इंटरचेंजवरून खाली उतरून शहरातल्या चार्जरचा आधार घेतात. त्यात जाणारा वेळ नकाशावरच्या कोणत्याही अंतरात मोजला जात नाही. मुंबईकडून येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: आमणे ते इगतपुरी हा पट्टा सह्याद्रीचा चढ आहे आणि त्या चढावर बॅटरीचे टक्के भराभर उतरतात. परतीच्या वाटेवर मात्र तोच उतार थोडी वीज बॅटरीत परत घालतो.

चार्जरजवळ पोहोचले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. महामार्गावर अनेक ठिकाणी साठ किलोवॅटचे, दोन गनचे यंत्र असते. दोन्ही गनांना गाड्या लागल्या की शक्ती विभागली जाते आणि प्रत्येकीच्या वाट्याला तीस किलोवॅट येतात. अर्ध्या तासाच्या आतबाहेर होणारे काम मग तासावर जाते, आणि रांगेतल्या तिसऱ्या गाडीला आपली पाळी येण्यासाठीच तेवढा वेळ थांबावे लागते. त्यात अर्थिंगमध्ये दोष असला तर गाडी चार्जिंग नाकारते, वीज आणणाऱ्या फीडरवर विजेचा दाब खालीवर झाला तर यंत्र बंद पडते, आणि मोबाइलचे नेटवर्क नसले तर चालू यंत्रही अॅपवरून सुरू होत नाही. प्रत्येक कंपनीचे अॅप वेगळे, त्यात आगाऊ भरायचे पैसे वेगळे. रात्री अकरा वाजता मेहकरच्या आसपास लहान मुलांना घेऊन थांबलेल्या आईवडिलांना ओटीपीची वाट पाहायला लावणे ही साधी गैरसोय नव्हे. तिथे दिवाबत्ती, स्वच्छतागृह आणि माणसांची वर्दळ नसेल, तर तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

चार्जिंगच्या सोयीतली ही उणीव का राहिली, याचे उत्तर बरेचसे अर्थकारणात आहे. ओसाड माळावर जलद चार्जर उभा करायचा म्हणजे अकरा केव्हीची, म्हणजे उच्च दाबाची, वीजवाहिनी आणायची, ट्रान्सफॉर्मर बसवायचा, जागेचे भाडे आणि देखभालीचा खर्च सोसायचा. एरवी मंगळवार-बुधवारी त्या यंत्राकडे मोजक्या गाड्या येतात. दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत मात्र रांग लागते. सरासरी मागणीकडे पाहून गुंतवणूक करणारा उद्योजक एकच यंत्र बसवतो आणि प्रवाशाला गरज पडते ती नेमकी गर्दीच्या दिवशी.

धोरणे नाहीत असे मुळीच नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात २०२५ पर्यंत सज्ज करायच्या चार महामार्गांमध्ये मुंबई-नागपूरचे नाव होते. २०२५ च्या नव्या धोरणाने महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरवले आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. विजेच्या वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्थानकांसाठी २,००० कोटी रुपये राखलेले आहेत. टोलमाफीचे आम्ही मनापासून स्वागत करतो, कारण पूर्ण मार्गावर मोटारीचे १,४०० रुपयांहून अधिक वाचतात. पण ज्या रस्त्यावर गाड्या बोलावल्या, तिथे त्या चार्ज करण्याची सोय त्याच तातडीने व्हायला हवी.

आणि ती सोय मोजायची कशी, हा खरा मुद्दा आहे. दर २५ किलोमीटरला एक स्थानक म्हटले, की बंद पडलेले यंत्रही आकडेवारीत स्थानकच राहते. युरोपीय संघाच्या नियमाने मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला, दोन्ही दिशांना, २०२५ अखेरपर्यंत ४०० किलोवॅट एकूण क्षमता आणि त्यात किमान एक १५० किलोवॅटची गन बंधनकारक केली. जलद चार्जरवर कार्डाने पैसे देण्याची सोयही सक्तीची केली. अमेरिकेच्या महामार्ग कार्यक्रमाने सुमारे ८० किलोमीटरवर चार गन आणि प्रत्येक गन वर्षातला ९७ टक्के वेळ चालू असण्याची अट घातली. त्या देशांतही कामे रेंगाळली आहेत, परंतु अट कोणत्या गोष्टीची घालायची हे त्यांनी नीट ओळखले.

समृद्धीवर २५ किलोमीटरला एकेक यंत्र विखरून ठेवण्यापेक्षा, दर ६०-७० किलोमीटरला दोन्ही बाजूंना सहा-आठ गनांचे, १२० किलोवॅट किंवा अधिक शक्तीचे, वीजपुरवठ्याची पर्यायी सोय असलेले स्थानक प्रवाशाच्या अधिक कामाचे ठरेल, असे आमचे मत आहे. त्यासोबत रस्ते विकास महामंडळाने प्रत्येक इंटरचेंजच्या आधी फलक लावावा आणि त्यावर पुढच्या स्थानकाचे अंतर, चालू असलेल्या गनांची संख्या व रिकाम्या गनांची संख्या त्या-त्या क्षणाची दाखवावी. गाडी खाली उतरवायची की पुढे न्यायची, हे चालकाला तिथेच ठरवायचे असते.