चेहरा फ्लॅशचा, खोली शटरची

मंडळी, पडद्यावर दोन फोटो आहेत. नाइटक्लब तोच, माणूस तोच, दोन्ही वेळा फ्लॅश मारलेला. डावीकडे चेहरा लख्ख आणि मागे मिट्ट काळोख, जणू त्याला विहिरीत उभा केलाय. उजवीकडे चेहरा तसाच लख्ख, पण मागे निळा धूर आहे, दिव्यांच्या लाल रेघा आहेत, वर उचललेले हात आहेत. दोन्हींत अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/५.६ आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ८०० आहे, फ्लॅशची ताकदही एकच. बदललाय तो फक्त शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते. डावीकडे १/२०० सेकंद, उजवीकडे १/१० सेकंद.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच सुचत जातं. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीवर साधारण १/१००० सेकंद टिकतो आणि ताकद कमी केली की त्याहून कितीतरी कमी. एवढ्याशा क्षणात तो येतो आणि जातो. मग शटर १/२०० उघडं ठेवा की १/१०, चेहऱ्यावर पडणारा फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो. क्लबचे दिवे मात्र चालूच असतात. शटर वीसपट वेळ उघडं राहिलं की त्यांचा उजेड वीसपट साठतो. एका फोटोत दोन एक्स्पोजर असतात ती अशी. म्हणून चेहरा कमीजास्त करायचा तर फ्लॅशची ताकद बदला, आणि मागची खोली कमीजास्त करायची तर शटर. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोघांनाही हलवतात, म्हणून ते एकदा ठरवून टाकायचे आणि रात्रभर शक्यतो त्यांना हात लावायचा नाही.

मी सुरुवातीला सगळं टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्यावर, सोडून द्यायचे. एका रात्री काळ्या कपड्यांतल्या चार मैत्रिणींचा फोटो काढला. मागे काळी भिंत, वर काळं छत. एवढा काळा भाग बघून कॅमेऱ्याने फ्लॅश वाढवला आणि चौघींचे चेहरे चुन्यासारखे पांढरे आले. त्यांतली एक स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाली, ‘ही मी नाही वाटत.’ ते वाक्य मला लागलं. आनंदात असलेल्या माणसाला त्याचाच चेहरा परका करून दिला होता मी. तेव्हापासून मी मॅन्युअल फ्लॅश वापरते, ताकद स्वतः ठरवते. ज्यांना टीटीएलच हवं त्यांनी फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे आपोआप ठरलेल्या ताकदीत करायचा बदल, उणे एकवर ठेवून सुरुवात करावी.

मॅन्युअलला घाबरू नका, कारण क्लबमध्ये अंतर फारसं बदलत नाही. लोक आपल्यापासून दीड-दोन मीटरवरच असतात. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, ४० असलेला फ्लॅश धरा. आयएसओ ८००, एफ/५.६, अंतर दोन मीटर, थेट झोत: हिशोब केला तर पूर्ण ताकदीच्या साधारण शंभराव्या भागात काम होतं. म्हणजे १/६४ किंवा १/१२८. डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारं आवरण, लावला तर १/३२ पर्यंत जा. इतक्या कमी ताकदीवर फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो, बॅटरीही बराच वेळ पुरते. अंतर अर्धं झालं की उजेड चौपट होतो, एवढं मात्र विसरू नका. घोळक्यातला एक जण हात लांबवून पुढे वाकला की तो पांढराफटक आणि मागचे अंधारात. सगळ्यांना आपल्याभोवती थोडं अर्धवर्तुळात उभं करायचं, म्हणजे अंतर सारखं राहतं. झोत छतावर मारून खाली परतवायचा, म्हणजे बाउन्स करायचा, मोह आवरा. ही छतं बहुधा काळी आणि उंच असतात, सगळा उजेड गिळून टाकतात.

आता फोकस. अंधारात ऑटोफोकस पुढेमागे शोधत बसतो आणि हसू निघून जातं. फ्लॅशचा लाल सहायक किरण चालत असेल तर उत्तम. पण अनेक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर तो चालतच नाही. अशा वेळी केसांची कड, कानातलं, कॉलर अशा काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर फोकस धरा. माझी आवडती पद्धत त्याहून सोपी आहे. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्स, एफ/५.६, फोकस हाताने दोन मीटरवर लावून ठेवायचा. साधारण सव्वा मीटरपासून साडेचार मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग कॅमेरा शोधत बसत नाही आणि तुमचे डोळे माणसांकडे राहतात.

१/१० वर हात हलणार, माणूसही हलणार. तरी चेहरा स्पष्ट येतो, कारण त्याला गोठवतो तो फ्लॅश. पण एक अट आहे: क्लबचा दिवा त्या चेहऱ्यावर पडलेला नसावा. हा फोटो बघा, इथे पांढरा स्पॉटलाइट नेमका तिच्या गालावर आला. फ्लॅशने एक डोळा नोंदला आणि शटर उघडं असताना स्पॉटने त्याच डोळ्याची दुसरी फिकट सावली जराशी बाजूला नोंदली. हे संगणकावर दुरुस्त होत नाही. म्हणून मी दोन पावलं फिरून दिवे माणसाच्या पाठीमागे येतील अशी उभी राहते. शंभर सेटिंग्जपेक्षा ही दोन पावलं मोलाची. लेझरच्या वाटेत मात्र लेन्स धरू नका, किरण थेट आत गेला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.

रंगाचं थोडक्यात सांगते. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावा, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा तोल, ३२०० केल्विनच्या आसपास आणा. त्वचा नैसर्गिक राहते आणि मागचे निळे दिवे आणखी गडद होतात. फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपातच, घ्या.

आणि माणसं. ती तिथे मोकळी व्हायला आलेली असतात. कॅमेरा वर करून भुवया उंचावल्या की विचारणं होतं. आवाजात शब्द पोचत नाहीत, पण मान डोलली की नाही ते स्वच्छ दिसतं. कुणी तळहात आडवा धरला तर कॅमेरा खाली. कुणाला आधीच काढलेला फोटो नको असेल तर त्यांच्यासमोर पुसते. तोल गेलेल्या, रडणाऱ्या माणसाचा फोटो मी काढत नाही, कुणी मागितला तरी. एकाच चेहऱ्यावर सलग फ्लॅशही मारत नाही. काही जणांना लागोपाठच्या लखलखाटाने फिट येऊ शकते.

रिअर कर्टन या फ्लॅशच्या सेटिंगबद्दल चिठ्ठी आली आहे. त्यात फ्लॅश शटर बंद होताना पडतो, त्यामुळे प्रकाशाच्या रेघा हालचालीच्या मागे राहतात. नाचणाऱ्यांसाठी मी तेच वापरते. पोझ देणाऱ्यांसाठी नाही, कारण बटण दाबताना दिसलेलं हसू फ्लॅश पडेपर्यंत बदललेलं असतं. दाखवतेच. मागचे दिवे मालवा, मंचावरचा तो निळा तेवढा राहू दे. तुम्ही, पिवळ्या ओढणीतल्या ताई, येता का पुढे? इथे, निळ्या दिव्याकडे पाठ करून. आता एक गिरकी घ्या.