जोडीतले दोन घोडे: घर शोधायचं ते दोघांसाठी

"दोन नकोत हो, एकच द्या. दोन परवडायचे नाहीत."

सुटका केलेल्या घोड्यांसाठी घर शोधायला घेतलं, की हे वाक्य ऐकायला मिळतंच. बोलणारा माणूस प्रामाणिक असतो, म्हणून ते पटतंही. आज मला याच वाक्याशी भांडायचंय. ज्याला दोन घोडे परवडत नाहीत, त्याला एकही परवडत नाही.

नमस्कार मंडळी. वरातीतून, टांग्यातून, चौपाटीवरून किंवा एखाद्या हिल स्टेशनवरून सुटून आलेली घोड्यांची जोडी, जी एकमेकांशिवाय राहत नाही, तिला कायमचं घर कसं शोधायचं, ते आज बघू.

आधी एक जुनी गोष्ट आठवूया. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर फिरवल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिया, म्हणजे सजवलेल्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला एक वर्षाची मुदत दिली. 2021 मध्ये दक्षिण मुंबईत विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. पर्यटकांची सोय झाली, गाडीवानांच्या हातात दुसरी गाडी आली. पण गाडी बदलता येते तसा घोडा बदलता येत नाही. नीट सांभाळला तर तो पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे बारा वर्षांचा घोडा कामातून सुटला, तर कोणीतरी पुढची तेरा ते अठरा वर्षं त्याला रोज चारा घालायचाय. दात बघून वयाचा अंदाज घ्या आणि दत्तक घेणाऱ्याला पहिल्याच फोनवर तो आकडा सांगा. तिथेच निम्मे फोन बंद होतात आणि ते बरंच आहे.

आता जोडी म्हणजे काय. घोडा मुळात कळपातला. त्याचं संरक्षण म्हणजे पळणं, आणि पळायचं कधी हे शेजारच्या घोड्याच्या कानांवरून कळतं. उभ्या उभ्या तो डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. आडवा होतो तो कधी? दुसरा कोणीतरी उभा राहून पहारा देत असेल तेव्हा. एकट्या घोड्याला हा पहारेकरीच नसतो. म्हणून मी म्हणतो, एक घोडा नेणाऱ्यालाही सहा महिन्यांत दुसरा शोधावा लागणार आहे. मग आधीच मैत्री जमलेली जोडी नेलेली काय वाईट? गाय, शेळी सोबतीला असली तर काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच.

पण सगळ्याच जोड्या खऱ्या नसतात, आणि इथे भावनेच्या भरात चूक होते. सुटका केंद्रात दोन घोडे महिनाभर शेजारी बांधले की लोक म्हणतात, "बघा, किती जीव आहे एकमेकांवर!" अहो, दावणच एक होती, जाणार कुठे? जोडी ओळखायची तर त्यांना मोकळं सोडा, जागा भरपूर द्या आणि लांब बसून बघा. जागा असूनही दोघं जवळच उभे राहतात का? एक पुढे गेला की दुसरा मागोमाग चालतो का? उन्हाळ्यात डोकं-शेपूट उलट्या दिशेला करून एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या उडवतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकमेकांना दातांनी खाजवतात का? घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार ब्रशने अंग घासून खरारा करतो ना, तसाच खरारा घोडे एकमेकांना करतात, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर. त्या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून बघितलेलं आहे. म्हणजे नुसतं लाडीगोडी नाही, शरीर खरोखर शांत होतं.

मग वेगळं करून बघायचं. एकदम दिवसभर नाही हं. एकाला पाच मिनिटं नजरेआड न्या. मागे राहिलेल्याजवळ तिसरा घोडा आणि चारा ठेवा. तो खिंकाळला, दोन फेऱ्या मारल्या आणि मग चाऱ्याला तोंड लावलं, तर ठीक आहे. हा घोडा चांगल्या कळपात एकटाही रुळेल. पण कुंपणाच्या कडेने येरझारा थांबतच नाहीत, घाम फुटलाय, शेण पातळ झालंय, पुढ्यातल्या चाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, असं प्रत्येक वेळी होत असेल, तर ती जोडी तोडायची नाही. न खाणं घोड्याच्या बाबतीत साधं नसतं. त्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. उपाशी राहिला की जठरात व्रण होतात, पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशुळाने घोडा एका रात्रीत जाऊ शकतो.

एक तिसरा प्रकारही असतो. एकजण दादागिरी करतो, दुसरा भीतीने त्याच्यामागे फिरतो. चारा टाकल्यावर कळतं. खऱ्या जोडीत दोघं एकाच ढिगात तोंड घालतात. इथे एक खातो आणि दुसरा लांबून बघतो. अशांना वेगळं केलंत तर उपकारच होतील. याउलट जोडीतला एक आंधळा किंवा अधू दृष्टीचा असेल आणि दुसऱ्याच्या आधाराने पाण्यापर्यंत जात असेल, तर तिथे चर्चाच नको.

(पडद्यावर: रिंगणातले दोन अश्व)

जोडी आपल्याला काही नवी नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यातले दोन अश्व, एक माउलींचा आणि एक स्वाराचा, बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात ते बरोबरच. रिंगणात आपण त्यांची धाव बघतो. मला विचाराल तर मुक्कामाला ते शेजारी शेजारी कसे उभे राहतात ते बघावं.

असो. कागदपत्रांकडे वळू, कारण इथे गाडी अडते. घोडे पोलीस कारवाईत जप्त झाले असतील, तर खटला संपेपर्यंत ते मुद्देमाल, म्हणजे खटल्यातली जप्त मालमत्ता, असतात. संस्थेकडे असतो तो ताबा, मालकी नाही. 2017 चे मुद्देमाल प्राण्यांच्या देखभालीचे नियम आहेत, त्यानुसार न्यायालय प्राण्यांना पांजरपोळात किंवा प्राणी कल्याण संस्थेत ठेवायला सांगू शकतं. अशा घोड्यांची परस्पर दत्तक जाहिरात टाकू नका. आधी वकिलाला विचारा, आदेश घ्या, आणि अर्जात दोघांचा उल्लेख एकत्र करा. नाहीतर एकाचा आदेश येतो आणि दुसरा लटकतो.

दुसरा कागद ग्लँडर्सच्या तपासणीचा. हा जिवाणूंमुळे होणारा रोग माणसालाही होतो. रक्ताचा नमुना दोघांचाही जायला हवा. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे या तपासणीचं देशातलं मुख्य ठिकाण. रोग निघाला तर कायद्याने त्या जनावराला वेदनारहित मरण द्यावं लागतं, म्हणून अहवाल हातात येईपर्यंत कोणालाच शब्द देऊ नका. आणि जोडीत घोडी असेल तर गाभण आहे का ते तपासा. अकरा महिन्यांचा गर्भकाळ असतो, वरून कळत नाही. जोडीतला नर खच्ची केलेला नसेल, तर तेही आधी करून घ्या. दोघं म्हणून पाठवलेत आणि वर्षभरात तिघं झाले, तर दत्तक घेणाऱ्याचा फोन येणारच, आणि तो आनंदाचा नसेल.

आता खरा प्रश्न, माणूस कसा निवडायचा? घोड्याचं प्रेम मी शेवटी बघतो. आधी बघतो कुंपण. काटेरी तार असेल तर तिथेच थांबायचं. घाबरलेला घोडा तारेत घुसतो आणि कातडी सोलून बाहेर येतो. मग पाणी. उन्हाळ्यात दोघांना मिळून दिवसाला साठ लिटरच्या आसपास पाणी लागू शकतं. एप्रिल-मेमध्ये त्या गावात टँकर येत असेल, तर हे आधी बोलायला हवं. मग चारा. साधा हिशोब असा: तीनशे किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज सहा किलो कोरडा चारा. दोघांचा बारा, महिन्याचा तीनशे साठ किलो. आपल्याकडे हिरवं गवत पावसाळ्याचे चार महिने, बाकी विकत. त्या माणसाला त्याच्याच तालुक्यातला चाऱ्याचा भाव लावून गुणाकार करायला सांगा. तुम्ही करू नका, त्यालाच करू द्या.

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायला येणार का? नाल नसली तरी खूर वाढतातच. घोड्याची सवय असलेला डॉक्टर किती लांब आहे? परळचं किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किती तासांवर आहे, हे माहीत असलेला माणूस मला आवडतो.

आणि त्याच्याकडे गाई-कोंबड्या आहेत का? असतील तर एक गोष्ट भिंतीवर लिहून द्या. काही पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला, कोंबडीला ते चालतं. घोड्याच्या हृदयाला मात्र थोडंसंही घातक असतं. एका गोठ्यात एकच पिंप आणि एकच घमेलं असेल, तर धोका आहे.

खंगलेली जोडी असेल तर अजून एक. माया म्हणून लगेच भरपूर चंदी घालू नका. उपाशी शरीराला एकदम धान्य दिलं, तर रक्तातले क्षार ढासळून घोडा दगावू शकतो. डॉक्टरच्या सल्ल्याने, थोडी थोडी लसूणघास (हा एक चारा), दिवसातून अनेकदा.

जाहिरात लिहिताना "मोफत" हा शब्द टाळा. मोफत घोडा म्हटलं की व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात, आणि ती जोडी पुढच्या यात्रेच्या बाजारात सुटी सुटी उभी राहते. फोटो दोघांचा एकत्रच टाका. एकेकट्याचा टाकलात, तर पांढऱ्या घोडीला पन्नास चौकश्या येतील आणि कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, तट्टाला एकही नाही. दोष लपवू नका: लंगडतो, चावतो, पाठीवर बसवत नाही. काही जण अंगावरचे केसांचे भोवरे विचारतील, गळ्यावर देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा आहे का म्हणून. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हा प्रश्न योग्य आहे. दत्तक घेणाऱ्याने विचारला, तर समजायचं की त्याला घोडा मिरवायला हवाय.

हौशी फार्महाऊसवाल्यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. सगळे वाईट नसतात. पण शनिवार-रविवार मुलांना फिरवायला म्हणून घोडे नेतात आणि सोमवारी राखणदाराच्या भरवशावर सोडतात. घोड्याशी रोज काम असणारा माणूस कोण, त्याच्याशीच बोला. मालकाशी नंतर.

करार स्टॅम्प पेपरवर करा. त्यात मालकी संस्थेकडेच राहील असं लिहा, म्हणजे घोडे सांभाळायला दिलेत, विकायला नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या अश्व संस्था अशाच पद्धतीने घोडे देतात. दोघांना वेगळं करायचं नाही, परस्पर कोणाला द्यायचं नाही, नको झाले तर दोघं परत, हे स्पष्ट हवं. आणि एक कलम मुद्दाम घाला: वरातीला पाठवायचं नाही. लग्नसराईत शेजारच्या गावातून "फक्त दोन तासांसाठी" असा निरोप येतो, तेव्हा नाही म्हणायला हे कलम कामाला येतं.

न्यायच्या दिवशी दोघं एकाच गाडीत, मध्ये आडवं लाकूड. धीट असेल त्याला आधी चढवा, दुसरा मागून येतो. जुना चारा पोतंभर बरोबर द्या आणि नव्याशी आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला.

एक दिवस जोडीतला एक जाणार, हेही दत्तक देतानाच बोलायचं. तेव्हा मागे राहिलेल्याला मेलेल्या सोबत्याजवळ थोडा वेळ जाऊ द्यावं, असं घोडे सांभाळणारे बरेचजण सांगतात. तो हुंगतो, कधी ढोसतो, मग स्वतःच बाजूला होतो. आधीच नेऊन पुरलं, तर दिवसेंदिवस हाका मारत राहू शकतो. त्यानंतर त्याला तिसरा सोबती कोण देणार, तुम्ही की संस्था? तेही करारात लिहा.

तुमच्याकडे जागा असेल आणि जोडी न्यायची तयारी असेल, तर जवळच्या संस्थेला फोन करताना दोन फोटो तयार ठेवा. एक कुंपणाचा, एक मे महिन्यातल्या पाण्याच्या टाकीचा. घोड्यावर बसलेला तुमचा फोटो नाही पाठवलात तरी चालेल.