हप्ता चुकण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

आजचं बोलणं आहे कारखान्यातून कमी केलेल्या आणि डोक्यावर घराचे, गाडीचे, पतसंस्थेचे हप्ते असलेल्या कामगारांसाठी. चाकण असो, भोसरी असो, वाळूज किंवा अंबड असो, प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. जवळ वही-पेन असेल तर घ्या, थोडे आकडे सांगणार आहे.

सुरुवात त्या कागदापासून. ऑर्डर घटली, लाइन बंद झाली की ऑफिसात बोलावून पुष्कळदा राजीनाम्याचा छापील कागद पुढे ठेवतात. ‘सही करा, हिशोब लवकर होईल’ असं सांगतात. तिथेच सही करू नका. राजीनामा दिलात की कामगार स्वतःहून गेला असं ठरतं आणि कपातीची, म्हणजे कंपनीने माणसं कमी केल्याची, भरपाई मागणं अवघड होतं. कागद घरी न्या, युनियनला किंवा जाणकाराला दाखवा. कंपनीला माणसं कमी करायची असतील तर तिने तसं लेखी पत्र द्यावं. कायमस्वरूपी कामगाराचं सलग एक वर्ष भरलं असेल, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल, तर त्याला किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मिळतो. शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. आठ वर्षं नोकरी असेल तर साधारण चार महिन्यांचा पगार झाला. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तरी हा हिशोब तोच आहे. तिच्यात भर इतकीच की मालकाने आणखी १५ दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांनुसार शेवटी मिळणारी रक्कम, यापेक्षा वेगळी, ती भरपाईत धरू देऊ नका. मूळ पगार अधिक महागाई भत्ता २०,८०० रुपये आणि नोकरी आठ वर्षं असेल, तर २०,८०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८. उत्तर येतं ९६,००० रुपये. ती ३० दिवसांत मिळायला हवी, आणि राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. यात अडवणूक झाली तर सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. वकिलाच्या फीची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा: औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्यानेच दिला आहे. फोन नंबर १५१००.

ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात होता, त्यांनी शाखा कार्यालयात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेबद्दल विचारावं. सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, असं तिचं स्वरूप आहे. योजनेला मुदतवाढ मिळत आली आहे, म्हणून ती सध्या चालू आहे का हे आधी विचारा. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना किंवा गैरवर्तनावरून काढलेल्यांना ती लागू नाही. सहीआधी थांबा म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

पीएफला मात्र लगेच हात लावू नका. सलग पाच वर्षांआधी रक्कम काढली तर ती करपात्र होऊ शकते. पेन्शनचा भाग काढून घेतला तर झालेली सेवा पुसली जाते, आणि पेन्शनसाठी तर दहा वर्षं लागतात. एक काम तेवढं आजच करा. कंपनीने तुमच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हे यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर बघा. ती भरली नसेल तर पुढे पैसे काढताना आणि वळते करतानाही दावा अडकतो.

हिशोबाचे पैसे एकरकमी हातात आले की माणसाला वाटतं, एक कर्ज तरी फेडून टाकू. ही घाई महागात पडते. पुढचा पगार कधी येईल ते ठाऊक नसताना घरात रोख लागते. आधी किराणा, भाडं, वीज, औषधं, मुलांची फी यांचा महिन्याचा खर्च मांडा आणि चार महिन्यांचे पैसे वेगळ्या बँकेतल्या खात्यात ठेवा. ज्या बँकेचं कर्ज आहे त्याच बँकेत ठेवले तर हप्त्यापोटी ते आपोआप कापले जातात आणि घरखर्चाला उरत नाहीत. कंपनीचा मेडिक्लेमही नोकरीबरोबर संपतो. पॉलिसी चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करून मागा.

आता हप्ते. गृहकर्जाच्या बँकेत हप्ता चुकण्याआधी जा, चुकल्यावर नको. खाते ९० दिवस थकलं की ते अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरतं. त्यानंतर बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते, आणि मग घराच्या ताब्याची पाळी येते. थकायच्या आधी गेलात तर शाखा व्यवस्थापकाच्या हातात पर्याय असतात: मुदत वाढवून हप्ता लहान करणं, काही महिने फक्त व्याज घेणं. सोबत कपातीचं पत्र, घरखर्चाचा कागद आणि दरमहा नक्की किती भरता येईल तो आकडा न्या. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी आश्वासनाला पुढे किंमत राहत नाही.

पुष्कळांना वाटतं, ईसीएस, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, पैसे नसल्याने परत गेला तर फार तर दंड बसेल. तसं नाही. चेक न वटण्यासारखाच हाही गुन्हा ठरू शकतो. २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नोटीस आली तर ती घ्या आणि १५ दिवसांच्या आत पैसे भरा किंवा वकिलाकडे जा. पोस्टमनला परत पाठवून प्रकरण टळत नाही.

क्रेडिट कार्डाचं गणित सगळ्यात क्रूर आहे. समजा ६०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झालं २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. किमान रक्कम म्हणून तुम्ही ३,००० भरलेत, तर मुद्दलात गेले फक्त ५२२ रुपये. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून कार्ड पूर्ण फेडणं परवडतं. वर्षाला १० टक्के दराने ६०,०००चं व्याज महिन्याला ५०० रुपये होतं. फक्त फेडल्या दिवशीच कार्ड बंद करा, नाहीतर दोन्ही कर्जं उरावर बसतात. कार्डवाले ‘सेटलमेंट करा, निम्मे भरा’ म्हणाले तर भरण्याआधी लेखी पत्र घ्या. तरीही सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढे घराचं कर्ज मागताना तो आडवा येतो.

पतसंस्थेचं कर्ज वेगळं, कारण तिथे जामीनदार म्हणून बहुधा आपलाच एखादा सहकारी सही करून बसलेला असतो. हप्ते थांबले की सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुलीचा दाखला निघतो आणि जप्ती त्याच्या पगारावर येते. म्हणून बँकेआधी त्याला गाठा आणि खरी परिस्थिती सांगा. पगारदार पतसंस्थेत दरमहा कापलेली वर्गणी, भाग आणि ठेव तुमच्याच नावावर असते. ती कर्जात वळती करून उरलेल्या रकमेचे छोटे हप्ते बांधून द्या, असा अर्ज सचिवाकडे करा. अनेकांना हे सुचतच नाही, आणि स्वतःचे पैसे पडून असताना ते थकबाकीदार ठरतात.

हप्ता भरण्यासाठी मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज मात्र कधीच नको. नोंदणी नसलेली ॲप्स फोनमधली माणसांची यादी आणि फोटो उचलतात आणि नातेवाइकांना धमकावतात. असं घडलं तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर तक्रार करा. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. बँकेच्या वसुली एजंटाने सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत फोन करायचा असतो, आणि दारात आला तर ओळखपत्र व बँकेचं पत्र दाखवायचं असतं. शिवीगाळ केली तर बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, नंबर १४४४८. या फोनांनी झोप उडाली असेल, नको ते विचार मनात येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर लावा. तिथे मराठीत बोलता येतं. आणि घरच्यांपासून लपवू नका. रोज डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस महिनाभर एकटाच झुरतो, आणि कमी करता आला असता असा खर्च तसाच चालू राहतो.

कामाचा शोध घरात बसून होत नाही. महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवा, रोजगार मेळाव्यांना जा, पण भोसरी-तळवड्यातली छोटी वर्कशॉप्स फार करून ओळखीवर माणसं घेतात. म्हणून जुने सुपरवायझर, टूल विकणारे, मशिन दुरुस्त करणारे यांना फोन करा, कुठे मशिन नवीन आलं ते त्यांना आधी कळतं. बायोडेटात ‘मेहनती, प्रामाणिक’ लिहून कोणी बोलावत नाही. मशिन, काम आणि अचूकता नेमकी सांगत ‘व्हीएमसी, फॅनुक कंट्रोल, सेटिंग स्वतः करतो, अॅल्युमिनियम हाउसिंग, टॉलरन्स २० मायक्रॉन’ असं लिहा. तेवढ्यावर ट्रायलला बोलावणं येतं. ट्रायलच्या दिवशी स्वतःचं व्हर्नियर न्या, ड्रॉइंग नीट वाचा आणि पहिला पीस मोजल्याशिवाय पुढचा लावू नका. नोकरीआधी गणवेशाचे, ‘फाइल चार्ज’चे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणाऱ्या एजन्सीला एक रुपयाही देऊ नका.

जुन्या पगाराइतकंच मिळावं म्हणून सहा महिने थांबण्यापेक्षा थोड्या कमी पगारावर, पण पीएफ भरणाऱ्या ठिकाणी लागणं शहाणपणाचं आहे. तुमच्या जुन्या कंपनीवरही लक्ष ठेवा. वर्षाच्या आत तिने पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्या कामगारांना आधी संधी द्यावी लागते, म्हणून पत्ता आणि फोन तिथे लेखी नोंदवून ठेवा. नव्या ठिकाणी रुजू होताना जुनाच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका, आणि पहिल्या पगाराची स्लिप घेऊन त्याच आठवड्यात बँकेत जा, म्हणजे कमी केलेला हप्ता कधीपासून पूर्ववत करायचा ते ठरवून घेता येईल.