जुना ट्रॅक्टर घेताय? आधी त्यानं काय काम केलंय ते ओळखा

नमस्कार शेतकरी श्रोतेहो.

सेकंडहँड ट्रॅक्टर बघायला गेलं की आपली पहिली नजर जाते रंगावर आणि दुसरी तासांच्या मीटरवर. दोन्हींवर विसंबू नका. रंग दोन दिवसांत मारून होतो. आता बघायच्या कार्यक्रमाला नटवणारच म्हणा. आणि मीटरची केबल तुटली की काटा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. त्यापेक्षा या ट्रॅक्टरनं आजवर काय ओढलं ते शोधा. जसं काम, तशी झीज.

कारखान्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरच्या हुकाचं भोक लांबट झालेलं असतं, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत असतं आणि मागच्या टायरची नक्षी मधोमध जास्त गेलेली असते. तिथं क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स आधी तपासा. रोटाव्हेटरवर राबलेला असेल तर पीटीओ शाफ्टचे, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या दांड्याचे, दाते बोटानं चाचपून बघा. धार आली असेल किंवा खाच पडली असेल तर तो भरपूर राबलाय असं समजून घ्या. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीत फिरलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. मागच्या अॅक्सलच्या सीलमधून चिखलपाणी आत गेलेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवायला सांगा. सकाळी तो न हलवता मागच्या हाऊसिंगचा, म्हणजे अॅक्सलच्या पेटीचा, तळाचा ड्रेन बोल्ट जरासाच ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते आधी बाहेर येतं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तरी अर्थ तोच.

आता इंजिन. जाण्यापूर्वी मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी झाकायचं आहे असं धरून चाला, कारण कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, कमी झालेलं इंजिन गार असतानाच त्रास देतं. गेजपट्टी काढून तेल बघा. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅसकेट किंवा हेड यांचा संशय घ्या. मग सेल्फ मारा आणि कान द्या. फिरण्याचा आवाज एकसारखा हवा. मध्येच एखादा ठोका हलका पडत असेल तर एका सिलिंडरचं कंप्रेशन गेलेलं असू शकतं.

चालू झाल्यावर गार इंजिननं थोडा पांढरा धूर टाकला तर घाबरू नका. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि डोळे झोंबले, तर डिझेल नीट जळत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय, म्हणजे रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाईडचं काम. काळा धूर लोडवर थोडा येतोच, पण रिकामा उभा असतानाही येत असेल तर एअर क्लीनर आणि डिझेल फवारणारे नोझल बघा. यानंतर ऑईल भरायचं झाकण काढा. त्यातून भपकारे मारत वाफ येत असेल, तर इंजिनचं काम काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

कुठला सिलिंडर कमजोर आहे ते मिस्त्री मंदगतीवर एकेका नोझलचा पाइप नट ढिला करून शोधतो. ज्या नटाला हात लावल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. हे स्वतः करायला जाऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं.

अर्धा तास चालवून इंजिन चांगलं तापवा आणि मग मंदगतीवर ऑईल प्रेशरचा काटा बघा. गार असताना सगळ्यांचाच काटा वर असतो. बेअरिंगची खरी झीज तापलेल्या तेलातच कळते.

क्लचसाठी मोकळं मैदान हवं. ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. इंजिन घुमतच राहिलं तर प्लेट घसरतेय. ड्युअल क्लच असेल तर अर्ध्या पेडलला चाकं आणि पूर्ण पेडलला पीटीओ थांबला पाहिजे. चढावर लोड असताना गिअर आपोआप सुटतो का, हेही बघा.

लिफ्टची परीक्षा रिकाम्या हातानं होत नाही. कल्टिव्हेटर किंवा पल्टी नांगर जोडा, तेल गरम होऊ द्या, पूर्ण उचला आणि इंजिन बंद करा. अवजार काही मिनिटांतच खाली बसलं तर आत गळती आहे. उचलताना हिसके देत असेल तर तेलाची पातळी आणि फिल्टर आधी बघा. दर वेळी पंपच गेलेला नसतो. मॅसी फर्ग्युसनसारख्या काही मॉडेलांत पंप हाऊसिंगच्या आत असतो, म्हणून तिथं मजुरी जास्त लागते.

पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. बेअरिंग, किंगपिनचे बुश आणि अॅक्सलची सेंटर पिन कळून येते. टायरवरच्या शिक्क्यातले चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

पैसे देण्याआधी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून घ्या. ठोकलेल्या आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार तिथंच थांबवा. 15 वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का बघा. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवायला बँकेच्या पत्रासह फॉर्म 35, आणि दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला ट्रॅक्टर असेल तर ना-हरकतीचा फॉर्म 28, हे हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.