बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) डिस्कला वेल्डिंग मारू नका! | जुन्या गाडीच्या पार्टचं चाकांचं स्टूल

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी ज्या स्टुलावर बसून बाईकचं चेनसेट बदलत होतो, त्याच्याबद्दल इतक्या जणांनी विचारलंय की शेवटी म्हटलं चला, आज तेवढंच दाखवूया.

सामान सांगतो पटापट. कारची जुनी ब्रेक डिस्क, बजाज चेतक स्कूटरची पुढची सुटी सीट, दीड फूट व्यासाची 5 एमएमची गोल एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) प्लेट, दोन इंची पाईप, पाच कॅस्टर, म्हणजे फिरती चाकं. डिस्क कुठल्याही गॅरेजच्या मागं पडलेली असते, मागा, देतात. सीट माझ्या वडिलांच्या चेतकची आहे. ती गाडी गेली, पण सीट मी जाऊ दिली नाही, खालच्या स्प्रिंगा अजून करकरत नाहीत बघा.

कापणं, घासणं, रंग देणं तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. फक्त डिस्कवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

आता मुद्द्याचं. डिस्कला वेल्डिंग मारायचं नाही. डिस्क बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. आपण कोल्हापूरकर, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, निम्म्या घरात कोणीतरी फौंड्रीत, म्हणजे बीड ओतायच्या कारखान्यात, आणि तरीही कमेंटमध्ये रोज कोणतरी लिहितंय, "दादा, डायरेक्ट टॅक (वेल्डचा ठिपका) मारून टाका की". माझं पहिलं स्टूल मी तसंच केलं होतं. पाईप उभा केला, साधा रॉड घेतला, गोल वेल्ड मारला, दिसायला एकदम झकास. रात्री शटर ओढायच्या वेळी ते गार होत होतं आणि टिक... टिक... असा आवाज यायला लागला. सकाळी बॅटरी मारून बघितलं तर वेल्डच्या कडेनं केसाएवढी चीर, पार अर्ध्या गोलापर्यंत. माझे मामा मोल्डर, फौंड्रीत साचे करणारे, त्यांनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "बीड हाय रं ते, ताणलं की तुटतं."

का तुटतं? बीडात कार्बन साधारण 3 टक्क्यांच्या वर असतो, एमएसमध्ये पाव टक्कासुद्धा नसतो. वेल्डच्या शेजारचं बीड एकदम तापतं, एकदम गार होतं आणि तिथं काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. वेल्ड आकसतो, बीडाला लवचिकपणा नाही, मग जातं चिरून. निकेलचा रॉड, आधी सगळा पार्ट तापवणं, नंतर राखेत पुरून हळूहळू गार करणं, हे सगळं करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला मानतो मी. पण स्टुलासाठी कशाला एवढं?

एक जण म्हणतो, "मी मारलंय, सहा महिने झाले, काही झालं नाही." भावा, त्याच्यावर माणूस बसतोय. चीर आतून सरकत असते, आणि ज्या दिवशी ती पूर्ण होईल त्या दिवशी तुझं डोकं जॅकच्या शेजारी असेल. मला खरंच काळजी वाटते म्हणून बोलतोय.

ओळखायचं कसं? हे बघा, मी इथं ड्रिल मारतो. एमएसची लांब गुंडाळी निघते, या डिस्कचा नुसता भुगा पडतोय. बोटावर घ्या, चोळा. पेन्सिलसारखं काळं झालं ना? ते ग्राफाईटच आहे, पेन्सिलीतलंच. भुगा काळा आला की वेल्डिंगचा विषय संपला.

मग करायचं काय, तर बोल्ट. डिस्क उलटी ठेवा, मधला खोलगट भाग, म्हणजे वाटी, वर. पाईपच्या खाली 6 एमएमची छोटी एमएस प्लेट वेल्ड करा, एमएसला एमएस, हे चालतं. ती वाटीत बसवा, आणि चाकाची जी भोकं डिस्कला आधीच आहेत त्यातनंच बोल्ट खालच्या मोठ्या प्लेटपर्यंत न्या, खाली नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, सहज ढिला न होणारा. वाटी उघडी राहते, काम करताना नट-बोल्ट त्यात टाकता येतात.

कॅस्टरपण बोल्टनंच. त्यांना झिंकचं प्लेटिंग असतं, वेल्ड मारला की त्याचा धूर छातीत जातो, रात्री ताप भरतो, शिवाय ग्रीस जळतं. आणि चाक खराब झालं की बदलणार कसं?

चाकं पाचच घ्या, चार नको. मध्यापासून 190 एमएमवर लावली तर चार चाकांत स्टूल कलंडायच्या आधी मध्यापासून बाजूला झुकायला 134 एमएम मिळतात, पाचात 154. गाडीखाली वाकून पाना ओढताना ते दोन सेंटिमीटर कळतात. पाच भाग पाडायला कंपास 223 एमएमवर उघडा आणि 190 च्या गोलावर खुणा करत जा, पाच खुणा झाल्या की सहावी पहिलीवर येते. शहाबादी फरशी असेल तर 3 इंची रबरी चाक घ्या, दोन इंची सांध्यात अडकतं.

पाईपची उंची सीट धरून जमिनीपासून 15 इंच ठेवा. आठवडाभर वापरून झालं की स्टूल उलटं करून सगळे नट एकदा पान्यानं बघा, माझे दोन ढिले निघाले होते.