डॉक्टर व्हायचे आहे? मग आधी पणजोबांची नोंद शोधा

नमस्कार. मी नाशिकमध्ये एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. माझे गाव सुरगाणा तालुक्यात आहे आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतील मुले-मुली मला फोन करतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "ताई, नीटसाठी कोणता क्लास लावू?" मी त्यांना उलट विचारते, "तुझी व्हॅलिडिटी झाली का?" यावर पलीकडून बहुधा काहीच उत्तर येत नाही.

व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. प्रांत कार्यालयातून मिळालेला जातीचा दाखला वेगळा आणि त्या दाखल्याची पडताळणी करून समितीने दिलेले हे प्रमाणपत्र वेगळे. राज्याच्या कोट्यातील राखीव जागेवर प्रवेश घेताना दोन्ही लागतात. ही पडताळणी कुणी सहज लादलेली नाही. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासी मुलांच्या जागा जात होत्या, आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने कुमारी माधुरी पाटील प्रकरणात, जे वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशातूनच उभे राहिले होते, पडताळणी समित्यांची आणि त्यांच्या वतीने चौकशी करणाऱ्या दक्षता पथकांची पद्धत घालून दिली. पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. ही व्यवस्था आपल्याच जागांच्या राखणीसाठी आहे, हे मला मान्य आहे. मात्र जिच्या घरात तीन पिढ्यांत कुणी शाळेत गेले नाही, तिलाच सर्वांत जुना कागद आणायला सांगितले जाते, ही गोष्ट मला अजूनही टोचते.

आता पडद्यावर चार तारखा दिसतील, त्या लिहून घ्या. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपापल्या तारखेच्या आधीचा, वडिलांच्या बाजूच्या पूर्वजाचा, जात किंवा जमात स्पष्ट लिहिलेला पुरावा सर्वांत वजनदार ठरतो. माझे आजोबा शाळेची पायरी कधी चढले नव्हते, त्यामुळे त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला असणे शक्यच नव्हते. अशा वेळी चुलत आजोबांचा दाखला शोधायचा, आणि तोही नसेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदींची, नक्कल मागायची. आमच्या पणजोबांची नोंद तिथेच सापडली. पण ती मोडीत होती, त्यामुळे मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेण्यात आणखी काही आठवडे गेले. मग वंशावळीचे शपथपत्र करताना लक्षात आले, की एका कागदावर पणजोबांचे नाव पूर्ण आहे आणि दुसऱ्यावर हाक मारण्याचे. दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे पुन्हा वेगळे शपथपत्र. बारावीच्या दिवाळीनंतर मी अर्ज केला होता आणि प्रमाणपत्र हातात पडले ते कागदपत्रे दाखवण्याच्या मुदतीच्या जेमतेम दोन दिवस आधी. शासनाने काही वर्षी यासाठी मुदतवाढ दिली आहे, पण तिच्या भरवशावर वर्ष पणाला लावू नका. अकरावी विज्ञानाला प्रवेश मिळताच कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह अर्ज करता येतो, आणि तो त्याच वर्षी करावा.

अनुसूचित जमातींच्या प्रकरणात दक्षता पथक घरी येऊन रूढी, देव, लग्नाचे विधी यांविषयी विचारू शकते. शिकलेल्या घरातील मुलांना यांतले सगळे सांगता येतेच असे नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले, की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे निर्णायक कसोटी नव्हे. म्हणून घाबरू नका. आजीकडून जेवढे समजून घेता येईल तेवढे घ्या आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेच सांगा.

इतर मागासवर्गातील मुलांनी एक गोष्ट वेगळी पाहावी. देशपातळीवरील १५ टक्के कोट्यात केंद्राची यादी चालते आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातले लागते. राज्याचा नमुना तिथे उपयोगी पडत नाही.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर रक्कम अडकते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आहे. इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. क्लासची फी परवडत नसेल तर महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेच्या मोफत प्रशिक्षणाची जाहिरात दहावीच्या निकालानंतर लक्ष ठेवून पाहा. ते इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे.

नीट मराठीतून देता येते, पण माझे मत विचाराल तर इंग्रजीतूनच द्या. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानतात, आणि पहिल्या वर्षाचे शरीररचनाशास्त्राचे जाडजूड पुस्तक मराठीत तुमची वाट पाहत बसलेले नसते. मी पहिले तीन महिने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत होते.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारते, "कितीवर लागला नंबर? कॅटेगरीतून का?" प्रश्न साधा वाटतो, पण विचारण्याचा सूर साधा नसतो. मी सुरुवातीला विषय बदलत असे. आता सरळ सांगते, "हो, अनुसूचित जमातीतून." राज्याच्या कोट्यात आमच्यासाठी ७ टक्के जागा आहेत आणि त्यांतली एक माझी आहे. त्यानंतरची प्रत्येक परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे आणि तिथे उत्तीर्ण होण्याचे गुण सगळ्यांना सारखेच लागतात. प्रकरण टोमण्यांच्या पुढे गेले तर महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार करा किंवा १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर फोन करा; तोंडी सांगून सोडून देऊ नका.

आणखी एक राहिले. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल, तर पुढच्या माणसाचे काम बरेच हलके होते, म्हणून भावकीत आधी चौकशी करा. आमच्या भावकीतील पाच जणांनी माझ्या प्रमाणपत्राची प्रत नेली आहे. त्यांतील एका चुलत बहिणीने यंदा अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला असून तिचा अर्ज भरण्यासाठी मी या रविवारी पहिल्या एसटीने गावी जाणार आहे.